लाइन एंगेज आहे

माझी नात रोज संध्याकाळी कानांवर ते मोठे हेडफोन चढवते आणि कुठल्याशा ग्रहावर निघून जाते. तिच्याबरोबर आणखी तिघं-चौघं असतात. एक नाशकात, एक म्हणे ब्राझीलमध्ये. कोणीच कोणाला पाहिलेलं नाही. एक जण गोळ्या झाडतो, एक जण यान दुरुस्त करतो, आणि आमची ही सगळ्यांना ओरडून हुकूम सोडते. सून वैतागते. "आई, तुम्ही तरी बोला तिला, तुमचं ऐकते." मी बोलत नाही. कोणत्या तोंडानं बोलू? हे खूळ आम्ही पन्नास वर्षांपूर्वी केलेलं आहे, आणि तेही सरकारच्या तारेवर.

चंद्रावर माणूस उतरून दोनेक वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची, जळगाव जामोदच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. एक्स्चेंज हा शब्द फार मोठा झाला. पोस्टाच्या इमारतीतली एक खोली, तिच्यात पन्नास लाइनींचा बोर्ड, एक स्टूल, एक माठ आणि मी. गावात कोणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबराचं इवलंसं शटर खटकन पडायचं. मी कॉर्ड लावून नंबर विचारायची, आणि पलीकडून कापसाचा अडत्या म्हणायचा, "कोन, मास्तरची पोरगी का? बाप बरा हाये ना?" वडील शाळेत मास्तर होते. अर्ध्या गावाला मी नंबराआधी वडिलांची तब्येत सांगायची.

गावाबाहेर बोलायचं तर ट्रंक लाइन एकच. आमच्या जळगावहून निघायची, वरवट बकालच्या पोस्टात टेकायची आणि पुढं खामगावला जायची. एका तारेवर आम्ही तिघं. एक बोलत असला की बाकीच्यांनी वाट पाहायची. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नसू, गावानंच मारायचो. खामगाव म्हणजे पन्नाशीतले एक गृहस्थ. विडीनं बसलेला आवाज, वाक्य संपायच्या आत एकदा तरी खोकणार. वरवट म्हणजे माझ्याच वयाचा पोस्टातला कारकून, मला ताई म्हणायचा. "हॅलो जळगाव, जेवल्या का?" "हो खामगाव, तुमचं?" दोघांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं आणि दोघांच्या घरी आज भाजी कशाची आहे ते मला ठाऊक असायचं.

रोज सकाळी आठला लाइन तपासायची. खामगावनं एक ते दहा आकडे म्हणायचे, आम्ही ऐकू आले म्हणून सांगायचं. एके दिवशी खामगावला काय लहर आली कोण जाणे, त्यांनी आकडे उलटे म्हटले. दहा, नऊ, आठ. शून्यावर आल्यावर तोंडानं असा काही घरघराट केला की मला वाटलं तार तुटली.

"सुटलं यान," ते म्हणाले. "जळगाव, तुमी कुठं बसल्या?"

मी काही विचार न करता बोलून गेले, "दारापाशी."

"वरवट?"

"म्या तं बाहीरच लटकून राह्यलो," वरवट म्हणाला.

ते खरंच होतं. वादळात तार तुटली की हा गडी लाइनमनची वाट न पाहता सायकल काढायचा आणि स्वतःच खांबावर चढायचा. तेवढ्या दोन-तीन वाक्यांत आमच्या नेमणुका होऊन गेल्या. मी यानाच्या दारावर, वरवट बाहेरच्या दुरुस्तीला, आणि खामगाव म्हणजे बाकी सगळं. अंधार तेच, ग्रह तेच, ग्रहांवरचे वारे तेच, आणि आमची परीक्षा पाहणारा देवही तेच.

दुपारी दीड ते तीन गाव पेंगायचं. तेव्हा आमचं यान चालायचं. नियम दोनच होते. पहिला, एकदा बोललं की ते घडलं. खामगाव म्हणाले हवेची टाकी फुटली, तर फुटली. मी म्हणाले दार लावलं, तर लागलं. माघार नाही. दुसरा, शटर पडलं की यान थांबलं. गिऱ्हाईक आधी, चांदण्या मागून. हा नियम खामगावनंच घातला होता आणि त्याबाबतीत ते फार कडक होते. वरवट एकदा रंगात येऊन म्हणाला, "राहू द्या ना, अडत्याच हाये," तर त्यांनी त्याला असा झापला की दोन दिवस तो ताई सोडून कोणाशी बोलला नाही.

भीती घालण्यात खामगाव उस्ताद होते. "ऐका," म्हणायचे, आणि मग काहीच नाही. तारेवर नुसती खरखर. एवढा वेळ की मला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मग अगदी हळू, "छतावर कोनी तरी चालून राह्यलं." बाहेर लख्ख ऊन, रसवंतीचे घुंगरू वाजताहेत, आणि मी मान वर करून पोस्टाच्या छताकडं पाहतेय. पाल जरी हलली तरी तोंडावर हात दाबून धरायची. छतावरच्या त्या प्राण्याला आम्ही 'चौथा' म्हणायचो. तो कधी दिसला नाही. एवढंच कळलं होतं की ज्याचा आवाज तो ऐकतो, त्याच्यासारखा बोलू शकतो. यानात हवा तिघांपुरती होती, आणि चौथ्याला आत यायचं होतं.

मला भीती वाटायची, खरीखुरी वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी दीड वाजायची मी वाट पाहायची. यात काही शहाणपण नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि त्यात मला कोणी काही विचारत नव्हतं. स्थळं यायची, पोहे व्हायचे, मी मान खाली घालून बसायची. यानात मात्र दोन पुरुष श्वास रोखून मला विचारायचे, "जळगाव, काय करायचं?" मी सांगेन ते व्हायचं. याची चटक लागते. लागली.

दुसरी एक भीती होतीच. वरून कोणी लाइन ऐकली तर? सरकारी तार, सरकारी वेळ, आणि त्यावर आमचे वायफळ ग्रह-तारे. मध्येच तारेवर टक् असं व्हायचं आणि आम्ही तिघं एकदम कामाचं बोलायला लागायचो. "हॅलो खामगाव, अकोला मिळतं का?" "प्रयत्न करून राह्यलो, जळगाव." चोराच्या मनात चांदणं. माझी नोकरी अजून कच्ची होती, आणि ती गेली असती तर पुढच्याच महिन्यात मी कोणाच्या तरी घरी चूल फुंकत असते. असं पाच महिने चाललं.

त्या दिवशी ऊन नुकतं तापायला लागलं होतं. यानाच्या पाठीवरची एक दांडी वाकली होती आणि वरवट दोर बांधून बाहेर गेला होता. मी दारापाशी दोराचं टोक धरून. खामगाव म्हणाले, "जळगाव, दोर ढिला पडला."

"वरवट?" मी विचारलं. उत्तर नाही.

"दारावर थाप पडली," खामगाव म्हणाले.

"कोण आहे?"

"मी हाये ताई. उघडा." वरवटचा आवाज.

मी उघडणार तेवढ्यात पुन्हा, त्याच आवाजात, तितकाच दमलेला, "ताई, मी हाये. त्याचं नोका ऐकू. मले उघडा."

खामगावनं त्याचा आवाज काढला होता. हुबेहूब. खोकला कुठं गिळला होता देव जाणे. आमची तार एरवीच खरखरायची, त्यात दोन्ही आवाज एकाच कानात. दोघं आळीपाळीनं विनवण्या करायला लागले. हवा संपत आली, हात गारठले, ताई उघडा. चुकीच्याला उघडलं तर चौथा आत येणार आणि खेळ संपणार. पाच महिन्यांचं यान संपणार, दुपार संपणार. नाही उघडलं तर वरवट बाहेर मरणार. आणि एकदा बोललं की घडलं. हे सगळं तोंडानं रचलेलं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी खराच दोर असल्यासारखी कॉर्ड घट्ट धरून बसले होते.

"बाई, खामगाव लावून द्या."

हे तारेवर नव्हतं. खिडकीशी एक म्हातारा उभा होता. धोतर, डोक्याला पांढरं फडकं, घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला. मी एका कानावरचा हेडसेट थोडा सरकवला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ते मला आजही दिसतं.

"लाइन एंगेज आहे," मी म्हणाले. "बसा."

"घाईचं काम हाये, बाई..."

"सगळ्यांचंच घाईचं असतं. बाकावर बसा, लागली की बोलावते."

यात खोटं काय होतं? लाइन एंगेजच होती. आम्हीच तिच्यावर बसलो होतो. आणि मनाला समजावायला दुसरं एक कारणही मी तिथल्या तिथं शोधून काढलं. नियम होता शटर पडलं की थांबायचं. हा माणूस चालत खिडकीशी आला होता. शटर पडलंच नव्हतं.

तो थोड्या वेळानं पुन्हा आला. "किती येळ लागन, बाई?"

"सांगितलं ना, एंगेज आहे."

तिसऱ्यांदा आला तेव्हा तो नुसता गज धरून उभा राहिला. मला त्याचा राग आला. खरं सांगते, राग आला. मी स्टूल वळवून त्याच्याकडं खांदा केला आणि तोंडावर हात धरून तारेवर कुजबुजत राहिले. मी दोघांना कोडी घातली, दोघांनी बरोबर उत्तरं दिली. मी दोघांना वाट पाहायला सांगितली, दोघांनी पाहिली. मग एक आवाज थकून म्हणाला, "ताई, असं करा, कोनालेच नोका घेऊ. हवा तुमच्यापुरतीच राह्यली. दार बंदच ठेवा."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हाच आमचा वरवट आहे," मी म्हणाले. "मी दार उघडलं. ह्यालाच आत घेतला."

मग खामगाव खोकले, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. "वाचला बे तू," ते वरवटला म्हणाले, आणि तिकडं तो पोरगा हसत होता की रडत होता ते कळेना. मी पदरानं तोंड पुसलं. इतकी खूश मी त्या वर्षात दुसऱ्या कशानं झाले नव्हते.

खिडकीकडं पाहिलं तर म्हातारा तिथंच. तीनला दहा कमी होती. मी तिकीट पुढं ओढलं. प्रत्येक ट्रंक कॉलला एक तिकीट लिहायचं असतं: माणूस किती वाजता आला, कॉल किती वाजता लागला. ते तो आल्याबरोबर लिहायचं असतं. मी आत्ता लिहिलं, आणि आल्याची वेळ लिहिली दोन पन्नास. लागल्याची वेळ दोन बावन्न. कागदावर माझ्याइतकी तत्पर ऑपरेटर जिल्ह्यात नव्हती.

त्याला खामगावच्या एका खाजगी दवाखान्यात बोलायचं होतं. खिडकीतल्या फोनवर मी जोडून दिलं. दोन्हीकडचे आवाज एकमेकांना पोहोचले की नाही हे पाहायला ऑपरेटरनं पहिली काही वाक्यं ऐकायची असतात. म्हणून मी ऐकलं.

"डाक्टरीणबाई हायेत का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आत्ताच गेल्या जीप घेऊन. बुलढाण्याले काम होतं."

"कवा गेल्या?"

"पंधरा मिनटं झाले असतीन. आता राती येतीन."

पलीकडच्यानं फोन ठेवला तरी म्हातारा तो तसाच धरून उभा होता. मग त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी, काचेचा असल्यासारखा, जागेवर ठेवला.

आणि मी, इतक्या वेळानं, विचारलं, "काय झालं होतं, बाबा?"

"सून आडली हाये, बाई. काल सांजपासून. सुईनीनं हात टेकले. इथले डाक्टर रजेवर हायेत. ते खामगावच्या बाई जीप घेऊन खेड्यात येतात म्हने, म्हनून आलो होतो सायकलवर." त्यानं मला हात जोडले. "बरं, येतो."

तो गेला. मी बोर्डाकडं तोंड करून बसले आणि त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मनात करत राहिले. दोन दहाला लावून दिला असता तर बाई दवाखान्यात होत्या. सव्वादोनला होत्या. अडीचला होत्या. शटरं पडत होती, मी कॉर्ड लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामगावनं उत्साहानं सुरू केलं, "दहा, नऊ..."

"नका," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

खामगावनं विचारलं, "तिकीट कितीचं लिहिलं?"

"दोन पन्नासचं."

"मग झालं. कागद साफ हाये. आता हे कोनापाशी बोलायचं नाई, जळगाव. माह्या घरी चार लेकरं हायेत."

"झालं कसं?" वरवट एकदम म्हणाला. त्यानं खामगावना उलटून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "त्या बाईचं काय झालं?"

ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्या गावात फोन नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, अडीच कोसांवर. तिथून बातमी यायची तर माणसाच्या पायांनी यायची. आणि मी बातमीची वाट पाहत नव्हते, मी ती येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. खिडकीशी पांढरं फडकं दिसलं की मी स्टूल वळवून बोर्डाकडं तोंड करायची. पोस्टमास्तरांनी नुसतं "जरा इकडं या" म्हटलं तरी मी तोंडातला घास गिळायची विसरायची. ते म्हणे पंख्याचं बटण कुठलं ते विचारत होते. रात्री आई म्हणायची, "काऊन जेवत नाहीस व? स्थळ पसंत नाही का?" मी हो म्हणून टाकायची. पोलीस येतील, तो म्हातारा चार माणसं घेऊन येईल, खामगाव उलटतील आणि सगळं माझ्यावर ढकलतील, असं काय काय मी रचत बसायची. रचायची सवय होतीच.

पण खरी भीती त्यातली एकही नव्हती. ती बाई मेली असेल ही खरी भीती होती, आणि तिच्याकडं मी सरळ बघत नव्हते.

आठव्या-नवव्या दिवशी वरवट लाइनवर आला. खामगाव जेवायला गेले होते. "ताई," तो म्हणाला, "तुमी जाऊन या. असं बसून तुमी मरसान."

"मला भीती वाटते."

"वाटनच. म्या आलो असतो तुमच्यासंगं, पन कोन म्हनून येऊ?"

त्या रविवारी मैत्रिणीकडं जाते असं घरी सांगून मी एसटीनं फाट्यावर उतरले. तिथून गाडवाटेनं पाऊण कोस. वाटेत दोनदा मागं फिरले. एकदा तर फाट्यापर्यंत परत आले. पण परतीची बस पाचला होती, आणि उन्हात तिथं एकटीनं उभं राहून काय करणार, म्हणून पुन्हा निघाले. गावात शिरल्यावर पाणी भरणाऱ्या एका बाईला विचारलं. "मागल्या आठवड्यात एक सून आडली होती, ते घर कोणतं?" तिनं बोट दाखवलं आणि माझ्याकडं निरखून पाहिलं. जिवंत आहे का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग होता आणि म्हातारा दोर वळत बसला होता. मला पाहून तो आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. मला वाटत होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अरे बाप्पा! फोनवाल्या बाई! अव, बाहीर या व, पाहा कोन आलं," तो आत ओरडला, आणि माझ्यासाठी घोंगडी झटकून टाकली.

शेजारची दोन माणसं आली, म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हातारा त्यांना सांगू लागला. "याच बाई त्या. लाइन लागून नाई राह्यली, त पाऊन घंटा धडपडत होत्या. म्या सोता पाह्यलं. कानाले ते लावेल, ओठ हालून राह्यले, हळूहळू बोलून राह्यल्या, विनवून राह्यल्या तिकडच्याले. अन् रडल्या. दुसऱ्याच्या सुनंसाठी रडल्या या, डोयानं पाह्यलं म्या. अशी मानसं नाई राह्यली आता."

म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आत या," ती म्हणाली. "तिले भेटा."

म्हणजे ती जिवंत होती. मी चौकट धरली. आत बाजेवर ती पडली होती, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. माझ्याच वयाची, कदाचित एखाद्या वर्षानं लहान. बाजेजवळ पाळणा नव्हता. तिच्या पोलक्यावर दोन्हीकडं दुधाचे ओले डाग होते आणि ती पदरानं ते झाकायचा प्रयत्न करत होती.

"ट्रकात घालून नेली शेगावले," म्हातारा दारातून म्हणाला. "वाटंतच झाली. पोट्टा होता. गुदमरेल होता. डाक्टर म्हने, दोन घंटे आधी आनली असती तं... असो. ही राह्यली, हेच लय झालं."

ती माझ्याकडं पाहत होती. तिनं हात पुढं केला, मी तो धरला. तिचा हात गरम होता.

"मामंजी म्हनत होते," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी माह्यासाठी रडल्या."

मी रडले होते, ते खरं होतं. ज्याच्यासाठी रडले तो वरवट बकालच्या पोस्टात खुर्चीवर बसून चहा पीत असेल तेव्हा.

मी सांगायचं ठरवलं. ठरवलं असंही नाही, ते माझ्याच्यानं आत राहीना. "बाबा," मी म्हाताऱ्याकडं वळून म्हणाले, "लाइन बंद नव्हती. आम्हीच बोलत होतो लाइनवर. मी, खामगाव आणि वरवटचा एक जण. आमचं एक खेळण्यासारखं चाललं होतं. म्हणून तुम्हाला बसवून ठेवलं."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "हाव ना. बोलाच लागते. तिघाइनं बोलल्याबिगर लाइन कशी लागन?" मग शेजाऱ्याकडं वळून, "पाहा, लय कटकटीचं काम असते हे."

त्याला ते कळलंच नाही. सरकारच्या खोलीत बसलेली शिकलेली मुलगी, मास्तरची मुलगी, फोन कानाला लावून खेळत असेल हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तो पुढं बोलत राहिला, म्हातारी चहाचं आधण ठेवायला गेली. मी सुटले असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

पण माझ्या हातातला हात हलला होता. तिनं तो काढून घेतला नव्हता, नुसता ढिला सोडला होता. मी तिच्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं.

"किती येळ?" तिनं विचारलं.

"काय?"

"किती येळ बोलत होत्या तुमी, लाइनवर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त ते माहीत करून घ्यायचं होतं. बाहेर म्हातारा कोणाला तरी माझी तारीफ सांगत होता. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते आणि मला इतकी भीती वाटली की तशी छतावरच्या पावलांची कधी वाटली नव्हती.

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. मग श्वास सोडला आणि माझा हात पुन्हा धरला, थोडा दाबला, आपण घाबरलेल्या लहान मुलीचा दाबतो तसा.

"पाच मिन्टानं काय होते, बाई," ती म्हणाली. "जाऊ द्या. नोका रडू."

माफी तिनं दिली, ती पाच मिनिटांची. उरलेल्या पस्तीस मिनिटांची मी अजून कोणाकडं मागितलेली नाही.